साधन आणि साक्ष

साहाय्यक तंत्रज्ञानाच्या एखाद्या परिषदेचे निमंत्रण विशेष शाळेच्या दप्तरात येऊन पडले, म्हणजे त्याचा विचार बहुधा दोनच बाजूंनी होतो. वर्ग कोण सांभाळील, ही एक बाजू. आणि प्रवासखर्च कोणत्या खात्यात टाकावयाचा, ही दुसरी. हे दोन्ही प्रश्न खोटे नाहीत. बहुविकलांग मुलांच्या वर्गातून त्यांच्या सवयीची शिक्षिका दोन-तीन दिवस उठून गेली, तर कोणाचे जेवण, कोणाची औषधाची वेळ आणि कोणाची झोप बिघडते, हे ज्याने असा वर्ग चालविला आहे त्याला सांगावे लागत नाही. आणि अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या अंदाजपत्रकात अशा प्रवासाची स्वतंत्र तरतूद क्वचितच असते, हेही खरे. परंतु या दोहोंचा निकाल लावण्याच्या गडबडीत तिसरा, आणि माझ्या मते मूळचा, प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो: शिक्षकाने परिषदेला जावयाचे ते कशासाठी? नवीन साधनांची माहिती करून घेण्यासाठी, असे त्याचे रूढ उत्तर आहे. या उत्तराने भागत नाही. उलट त्याच्या आधारे केलेल्या खरेदीनेच आपल्या शाळांची कपाटे न वापरलेल्या यंत्रांनी भरत गेली आहेत. शिक्षकाने परिषदेत जितके घेण्यासाठी जावे, तितकेच, किंबहुना काकणभर अधिक, देण्यासाठी जावे, आणि ते देणे आपल्या वर्गात कोणते साधन का चालले नाही याच्या साक्षीचे असावे, असे मला येथे मांडावयाचे आहे.

या परिषदांची परंपरा मुख्यतः अमेरिकेत वाढली. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या नॉर्थरिज येथील शाखेने १९८५ साली सुरू केलेली आणि अलीकडे ॲनाहाइम येथे भरणारी परिषद, तसेच साधने बनविणाऱ्या व विकणाऱ्या मंडळींच्याच संघटनेतर्फे ओरलँडो येथे जानेवारीच्या अखेरीस भरणारी परिषद, या दोन ठिकाणी शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, अभियंते आणि स्वतः साधने वापरणारी दिव्यांग माणसे मोठ्या संख्येने जमतात. तेथील थाट पाहून आलेली आपल्याकडची माणसे त्याचे कारण पैसा असे सांगतात. पैसा आहेच, पण त्याच्या आधी तेथे कायदा आहे. १९७५ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना सार्वजनिक शाळेत विनामूल्य व योग्य शिक्षणाचा हक्क दिला, १९८८ साली साहाय्यक तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि १९९७ च्या दुरुस्तीने असे ठरविले की, मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करणाऱ्या मंडळाने त्या मुलाला साहाय्यक साधनाची गरज आहे काय, याचा विचार केलाच पाहिजे. साधन विकत घ्यावे, असे ही दुरुस्ती म्हणत नाही. विचार करावा, एवढेच म्हणते. तथापि ज्याला पालकांसमोर बसून त्या विचाराचा हिशेब द्यावा लागतो, तो शिक्षक परिषदेत शिरतो तेव्हा त्याच्यापाशी एका विशिष्ट मुलाचा विशिष्ट प्रश्न असतो, आणि तो प्रश्न रीतसर सरकारी कागदावर चढलेला असतो.

आपल्याकडेही कायदा आहे, आणि तो उदार आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले आणि ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व योग्य ती साहाय्यक साधने मोफत पुरविण्याची जबाबदारी शासनावर टाकली. पण साधन मुलाच्या हाती पडते ते बहुधा शिबिरातून: एका दिवशी मोजमाप, पुढे कधीतरी वाटप, सही-अंगठा, छायाचित्र. या व्यवहारात मुलाला रोज पाच-सहा तास पाहणाऱ्या शिक्षकाचे मत कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हे ठरलेले नसते. सबब आपला शिक्षक परिषदेला गेलाच, तर तो प्रश्नावाचून जातो. आणि प्रश्नावाचून गेलेला माणूस कितीही शहाणा असला तरी त्याचे तेथे प्रेक्षकात रूपांतर होते.

प्रेक्षकाला काय दिसते, याचा थोडा तपशिलाने विचार केला पाहिजे. प्रदर्शनाच्या दालनात प्रत्येक साधन आपल्या सर्वोत्तम अवस्थेत असते. वीज अखंड असते, उजेड स्थिर असतो, इंटरनेट असते, आणि साधन चालवून दाखविणारा माणूस ते रोज चालविणारा, धडधाकट व त्यात मुरलेला असतो. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे संगणक घ्या. अवरक्त किरणांच्या साहाय्याने बुबुळ कोठे वळले आहे हे टिपून, पडद्यावरच्या ज्या चित्रावर नजर स्थिरावेल त्याचा शब्द उच्चारणारे हे यंत्र पाहून कोणाचेही मन भरून यावे, इतके ते विलक्षण आहे. मी ज्या शाळेविषयी बोलते आहे तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील एका पदाधिकाऱ्याचे मन असेच भरून आले, देणगीदार मिळाला, आणि यंत्र शाळेत आले. ज्या मुलासाठी ते आले त्याला सेरेब्रल पाल्सी होती. मान एका बाजूस कलत असे आणि बोलावयाचा यत्न केला की सर्वांग ताठ होत असे. वर्गाला पश्चिमेकडे मोठी खिडकी होती. दुपारनंतर तिच्यातून ऊन आत आले की यंत्राला बुबुळ सापडेनासे होई. मान कलली की आधी जुळविलेली नजर पुन्हा जुळवावी लागे. आणि ती जुळवीपर्यंत मुलाला जे सांगावयाचे होते त्याची वेळ टळून जाई. मुलाची आई एकदा म्हणाली, "बाई, घरी तर तो नुसता वर बघतो, की मला कळतं, हो म्हणतोय." वर्गशिक्षिकेने मग मधोमध चौकोनी खिडकी कापलेला पारदर्शक ॲक्रिलिकचा एक पत्रा घेतला, त्याच्या चार कोपऱ्यांना चार चित्रे चिकटविली, तो आपल्या आणि मुलाच्या चेहऱ्यांमध्ये धरला, आणि मूल कोणत्या कोपऱ्याकडे पाहते हे पलीकडून पाहत ती त्याच्याशी बोलू लागली. यंत्राची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात झाली आणि ते कपाटात गेले.

यावरून यंत्र वाईट होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. खिडकीला जाड पडदा लावला असता, खुर्चीला मानेचा आधार नीट बसविला असता आणि प्रारंभी पडद्यावर बत्तीस चित्रांऐवजी दोनच ठेवली असती, तर कदाचित त्या मुलाला पुढे आईलाही ठाऊक नसलेल्या गोष्टी सांगता आल्या असत्या. पत्र्यावर चारच कोपरे असतात, आणि माणसाला सांगावयाचे असते ते त्यांत मावत नाही. परिषदेला ती वर्गशिक्षिका गेली असती, तर खिडकी आणि मान या दोन बाबी तिने तेथेच विचारल्या असत्या, कारण त्या तिला रोज दिसत होत्या. पदाधिकाऱ्याला त्या दिसत नव्हत्या, यात त्याच्या सद्भावनेचा काहीच दोष नाही. आणि यंत्र कपाटात गेल्यानंतर का होईना, ती जर पुढच्या परिषदेत त्याच्या निर्मात्यासमोर उभी राहिली असती, तर ऊन, मान आणि टळून गेलेली वेळ यांविषयीची तिची चार वाक्ये त्याला पुष्कळ पैसे खर्चूनही अन्यत्र मिळाली नसती.

साधने टाकून दिली जातात ही तक्रार आपल्यापुरती नाही. फिलिप्स आणि झाओ या दोन संशोधकांनी १९९३ साली अमेरिकेतील २२७ प्रौढ दिव्यांग व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली, तीत २९.३ टक्के साधने वापरणाऱ्यांनी पूर्णपणे सोडून दिल्याचे आढळले. साधन सोडून देण्याशी ज्या चार गोष्टींचा संबंध दिसला, त्यांत साधन नीट न चालणे ही एक होती, वापरणाऱ्याच्या गरजा बदलणे ही दुसरी. परंतु निवडीच्या वेळी वापरणाऱ्याचे मत विचारात न घेणे आणि साधन सहजासहजी मिळून जाणे, याही त्यांत होत्या. सहज मिळालेले साधन अधिक टाकले जावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण जे मिळविण्यासाठी कोणाला विचार करावा लागला नाही, चाचपून पाहावे लागले नाही, त्याला माणसाच्या दिनक्रमात जागा करून देण्याचे काम कोणीच केलेले नसते. वाटप शिबिरांचा शिरस्ता पाडणाऱ्यांनी ही बाब एकदा शांतपणे वाचावी, असे मला कळकळीने वाटते.

याच काळात, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, जॉय झबाला या अमेरिकन विशेष शिक्षणतज्ज्ञ बाईंनी साधन निवडण्याची एक पद्धत मांडली. प्रथम मूल, मग त्याचा परिसर, मग त्या परिसरात त्याला करावयाची कामे, आणि साधन सर्वांत शेवटी, असा तिचा क्रम आहे. परिषदांतून ही पद्धत आजही आदराने शिकविली जाते. आणि व्याख्यान संपवून माणसे शेजारच्या दालनात जातात, तेथे क्रम नेमका उलटा असतो, कारण मूल तेथे नसतेच. हा परिषदांच्या रचनेतील मूलभूत दोष आहे. तो भरून काढावयाचा, तर मूल, परिसर आणि काम ही तिन्ही आपल्याबरोबर घेऊन येणारा माणूस तेथे हवा, आणि वर्गशिक्षकावाचून तसा दुसरा माणूस मला दिसत नाही. पालक मुलाला अधिक ओळखतात, पण ते एका मुलाला ओळखतात. शिक्षकाने तेच साधन भिन्न मुलांच्या हातांत वेगवेगळ्या रीतींनी बिघडताना पाहिलेले असते.

श्रवणयंत्राचेच पाहा. प्रदर्शनात दिसते ते यंत्र इवलेसे, गोंगाटातून बोलणे वेगळे काढणारे, मोबाइलवरून चालणारे असते. कर्णबधिर मुलांच्या शिक्षिकेच्या दिवसाचा प्रारंभ मात्र कानातल्या साच्यापासून होतो. मूल वाढते तसा कान वाढतो. काही महिन्यांपूर्वी नीट बसलेला साचा सैल होतो, कानात जावयाचा आवाज कडेने बाहेर निसटून पुन्हा यंत्रात शिरतो, आणि यंत्र शिट्टी घालू लागते. शिट्टी नको म्हणून घरातले कोणीतरी आवाज कमी करून ठेवते, आणि यंत्र कानावर असूनही मूल ऐकेनासे होते. पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब धरतात. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, असे सांगितलेले असते, पण एका खोलीच्या घरात ती डबी कोठे गेली हे कोणाला ठाऊक नसते. साचा बनवून देणारा माणूस तालुक्याच्या गावी नाही. जिल्ह्याला जावयाचे तर आईचा एक दिवसाचा रोज बुडतो. यंत्राच्या गुणवत्तेइतकेच, पुष्कळदा तिच्याहून अधिक, मुलाचे ऐकणे या साखळीवर अवलंबून असते. आणि परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत साच्यावर एक सत्र ठेवा, अशी मागणी ती साखळी रोज हाताळणाऱ्याकडूनच येऊ शकते.

शिक्षक तंत्रज्ञ नव्हे, त्याच्या साक्षीला किती मोल द्यावयाचे, असा आक्षेप यावर येईल. त्याला इतिहासानेच उत्तर दिले आहे. शार्ल बार्बिये याने १८२१ च्या सुमारास पॅरिसच्या अंधशाळेत आपली उठावाच्या ठिपक्यांची लिपी दाखविली, तेव्हा ती बुद्धिमान माणसाने बुद्धीने रचलेली होती. पण तिचे बारा ठिपक्यांचे घर बोटाच्या एका पेराखाली मावत नव्हते, आणि ती उच्चारांची लिपी असल्यामुळे तीत शुद्धलेखन नव्हते. हे त्या शाळेतल्या लुई ब्रेल या मुलाच्या बोटांनी ओळखले, आणि त्याने विशीच्या आत सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. आपल्या काळातले उदाहरण हवे असेल, तर मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांचे घ्यावे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली अंध माणसाला विकत घेणे परवडत नाही, म्हणून करन यांनी २००६ साली एनव्हीडीए लिहावयास घेतली, टेह त्यांना येऊन मिळाले, आणि ती त्यांनी सर्वांना मोफत खुली केली. भारतातल्या किती अंध विद्यार्थ्यांचे शिक्षण आज त्या आज्ञावलीवर चालले आहे, हे अंधशाळांच्या संगणक-कक्षांत डोकावले तरी ध्यानात येते.

मराठी शिक्षकाच्या साक्षीला तर आणखी एक कारण आहे. ही साधने ज्या भाषांत घडली त्या आपल्या नव्हेत. न बोलणाऱ्या मुलांसाठी जी चित्रशब्दांची फलके केलेली असतात, त्यांची मांडणी पुष्कळदा इंग्रजी वाक्याच्या क्रमाने, कर्ता, क्रिया, मग वस्तू अशी डावीकडून उजवीकडे जाते, आणि क्रियापदाला एकच घर दिलेले असते. मराठी मुलगी 'जातो' हे बटण दाबून 'मी जातो' म्हणते, वर्गातली मुले हसतात, आणि ती दुसऱ्या दिवशी फलकाला हात लावीत नाही. चेन्नईत 'आवाज' आणि मुंबईच्या आयआयटीत 'जेलो' यांसारखे देशी प्रयत्न झाले आहेत, ते करणाऱ्यांविषयी मला मोठा आदर आहे. आणि आदर आहे म्हणूनच असे वाटते की, अशा मुलीच्या शिक्षिकेने त्यांच्यासमोर बसून हे सांगावे. अंध विद्यार्थ्याची अडचण निराळी. संगणक मराठी वाचून दाखवितो, पण आपल्या कित्येक कचेऱ्यांतली परिपत्रके आणि छापखान्यांतली पुस्तके अद्याप युनिकोडपूर्व फाँटांत बसविलेली असतात. डोळ्याला ती मराठी दिसतात, आणि वाचक आज्ञावलीला मात्र त्यांत रोमन अक्षरांचा अर्थहीन गोळा सापडतो. ॲनाहाइमच्या परिषदेत या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, कारण हा प्रश्न तेथे कोणाला पडतच नाही. तो येथल्या परिषदांत मांडावा लागेल, आणि आयआयटी दिल्लीत २०१८ साली भरलेल्या 'एम्पॉवर'सारख्या परिषदा त्यासाठी आपल्यापाशी आहेत.

देण्याविषयी इतके लिहिले, तरी घेण्याचे मोल मी कमी लेखीत नाही. फक्त घेण्याची वस्तू साधन नसून दुसरीच आहे, असे मला वाटते. ज्यांना वाचा नाही अशा प्रौढ व्यक्ती या परिषदांतून आपल्या यंत्राच्या साहाय्याने व्याख्याने देतात. श्रोत्यांतून प्रश्न आला, की उत्तराची अक्षरे एकेक करून जुळविण्यास त्यांना मिनिटामागून मिनिट लागते, आणि सबंध सभागृह तितका वेळ मुकाट्याने थांबते. कोणी वाक्य पुरे करून देत नाही, कोणी घड्याळ पाहत नाही. विशेष शाळेतला शिक्षक आपल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पाहतो; पुढे ते मूल बहुधा घरात जाते आणि त्याच्या दृष्टीआड होते. आपल्या वर्गातल्या, 'याला काही समजत नाही' असा शेरा बसलेल्या मुलाचा पुढे चाळीस वर्षांचा, स्वतःचे मत असणारा आणि ते ठामपणे मांडणारा गृहस्थ होऊ शकतो, हे त्याला पुस्तकाने पटत नाही; डोळ्यांसमोर बसलेल्या माणसाने पटते. असा शिक्षक परत येतो तेव्हा त्याच्या प्रश्न विचारण्यात आणि उत्तराची वाट पाहण्यात फरक पडलेला असतो. तोवर तो मुलाला दोन-तीन क्षण देऊन पुढे जात असे. आता तो थांबतो. याला एक पैसाही लागत नाही, आणि हे घरबसल्या चित्रफिती पाहून साधत नाही, कारण चित्रफितीत ती शांतता कापून टाकलेली असते.

दूरस्थ हजेरी पुरेशी आहे, असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, व्याख्यान घरी येऊ शकते, उलटतपासणी येत नाही. स्विच किती जोराने दाबावा लागतो हे पडद्यावर कळत नाही. आपल्या मुलाच्या वळलेल्या मनगटासारखे मनगट वळवून तो स्वतः दाबून पाहावा लागतो.

आता कारभाराविषयी. भारतीय पुनर्वसन परिषद या शासकीय मंडळाच्या नोंदवहीत नाव राखण्यासाठी विशेष शिक्षकाला पाच वर्षांच्या मुदतीत निरंतर शिक्षणाचे ठरावीक गुण जमवावे लागतात, आणि ही तरतूद मूळची चांगली असूनही तिच्यामुळे परिषद म्हणजे हजेरीपट आणि प्रमाणपत्र असे समीकरण होऊन बसले आहे. ते मोडावयाचे, तर गुण बसण्याला न देता मांडण्याला द्यावेत: ज्या शिक्षकाने आपल्या वर्गातील एका साधनाची वर्षभराची कैफियत लिहून आणली, ती सभेत वाचली आणि तिच्यावरच्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्याला अधिक. परिषदेला कोणी जावे हे ठरविताना पद पाहण्याची वहिवाट संस्थाचालकांनी सोडावी. वर्गशिक्षक जावा, आणि शक्य तेथे त्याच्याबरोबर मुलाला उचलणारी, भरविणारी, खुर्चीत बसविणारी मदतनीस बाई जावी, कारण साधन दिवसभर ज्याच्या हातून हाताळले जाते तो हात बहुधा तिचा असतो. हा प्रवास किरकोळ रजेतून होऊ नये. तो कामाचाच भाग धरून त्याची मंजुरी व भत्ता मिळावा, आणि त्या दिवसांपुरता बदली शिक्षक देण्याची तजवीज अंदाजपत्रकात असावी.

परिषद भरविणाऱ्यांकडेही एक मागणे आहे. प्रदर्शनाच्या दालनात नव्या साधनांच्या मांडवांबरोबर एक मोठे टेबल शाळांना मोकळे द्यावे, आणि शाळांनी आपल्या कपाटांतली बंद पडलेली, सोडून दिलेली, कधीच न उघडलेली साधने तेथे आणून ठेवावीत. प्रत्येकाशेजारी एक कागद असावा, त्यावर ते कशा मुलासाठी घेतले, किती दिवस चालले आणि कोणत्या कारणाने थांबले, एवढे मुलाचे नाव न घालता लिहावे. निर्मात्यांची यास हरकत असेल, असे मला सांगण्यात येते. काहींची असेलही. पण ज्याला आपले साधन मुलाच्या हाती टिकावे असे मनापासून वाटते, तो त्या टेबलापाशी बराच वेळ उभा राहील, कागद उतरवून घेईल, आणि तो लिहिणारी शिक्षिका कोठे बसली आहे याची चौकशी करील.